निकामी किडनी आणि रक्तवाहिन्यांवरचा मज्जासंस्थेचा ताबा

निरंजन_०७ (धागाकर्ता)

किडनी निकामी झाल्यावर रक्तदाब का चढतो, असं विचारलं की "मीठ-पाणी साचतं म्हणून" हे उत्तर ठरलेलं असतं. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. डायलिसिसने जादा पाणी काढून वजन जागेवर आणलं तरी बऱ्याच जणांचा दाब उतरत नाही, तीन-चार प्रकारच्या गोळ्या चालूच राहतात. त्याच माणसाचा दाब डायलिसिस चालू असताना मात्र धाडकन कोसळतो. एरवी चढलेला आणि नको त्या वेळी पडणारा, अशा दोन्ही दाबांमागे सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा रक्तवाहिन्या आवळणारा भाग) मोठा हात आहे. त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी सुदृढ शरीरात काय होतं ते. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यापाशी आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात, त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, शेंडे जास्त संदेश पाठवतात, ते मेंदूच्या बुंध्यात पोहोचतात आणि सिम्पथेटिकला लगाम बसतो. दाब पडला की लगाम सुटतो. मग मेंदूच्या बुंध्यातून मज्जारज्जूत, तिथून गँगलियनमध्ये (मज्जापेशींच्या गाठीत) आणि तिथून बारीक धमन्यांच्या स्नायूंपर्यंत हुकूम जातो. तंतूच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन सुटतं, ते स्नायूवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या जागेवर) बसतं आणि स्नायू आवळतो. हे काम दिवसरात्र, ठोक्यागणिक चालू असतं.

या साखळीला किडनी दोन्ही बाजूंनी जोडलेली आहे. मेंदूकडून किडनीकडे येणाऱ्या तंतूंचा परिणाम पायरीपायरीने वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सेकंदाला अर्धा संदेश एवढ्या मंद उत्तेजनालाही रेनिन (दाब वाढवणारी साखळी सुरू करणारं एन्झाइम) सुटतं, एकच्या आसपास सोडियम राखलं जाऊ लागतं आणि साधारण अडीचला किडनीचा रक्तपुरवठाच घटतो. म्हणजे रक्तवाहिनी आवळण्याच्या कितीतरी आधी मीठ राखण्याचं काम सुरू झालेलं असतं. "मीठ-पाणी" आणि "मज्जासंस्था" ही दोन वेगळी कारणं मानता येत नाहीत ती यामुळेच.

दुसरी बाजू म्हणजे किडनीकडून मेंदूकडे जाणारे संवेदी तंतू, आणि या धाग्यात मला मुख्यतः त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. किडनीत व्रण पडले, आतल्या भागाला रक्त अपुरं मिळू लागलं की तिथे ॲडिनोसिनसारखी द्रव्यं साचतात आणि हे तंतू चेतवले जातात. त्यांचे संदेश मज्जारज्जूमार्गे वर जातात आणि साऱ्या शरीराचा सिम्पथेटिक जोर वाढतो. किडनीचं गाळण्याचं काम बंद पडतं, पण तिचे संवेदी तंतू बंद पडत नाहीत. आजारी किडनी गप्प बसत नाही.

पुरावा भक्कम आहे. १९९२ मध्ये डॅलसच्या संशोधकांनी पायातल्या मज्जातंतूत सुई घालून सिम्पथेटिक संदेशांचे झोत थेट मोजले. निरोगी लोकांत मिनिटाला सरासरी २३ झोत होते. स्वतःच्या किडन्या शरीरात असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांत ५८. दोन्ही किडन्या काढून टाकलेल्या डायलिसिसच्या रुग्णांत २१. शेवटच्या दोन गटांत युरिया-क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायची द्रव्यं) दोघांचंही वाढलेलं, डायलिसिस दोघांचंही चालू. फरक होता तो आजारी किडनी शरीरात असण्या-नसण्याचा. ज्यांच्या किडन्या काढल्या होत्या त्यांच्या पोटरीतल्या रक्तवाहिन्यांचा रोधही कमी होता आणि सरासरी रक्तदाबही कमी होता. उंदरांत किडनीचा मोठा भाग काढून उरलेल्या भागाचे संवेदी तंतू मज्जारज्जूत शिरण्यापूर्वीच कापले, तर अपेक्षित रक्तदाबवाढ टळते, हेही दाखवलं गेलंय.

संवेदी तंतूंच्या जोडीला आणखी काही कारणं काम करतात. अँजिओटेन्सिन-२ (रेनिनच्या साखळीत तयार होणारं संप्रेरक) मेंदूच्या ज्या भागांत रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातली द्रव्यं मेंदूत जाऊ न देणारा पडदा, नसतो तिथून थेट सिम्पथेटिकला चेतवतं, शिवाय मज्जातंतूच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिनची सोडवणूकही वाढवतं. एडीएमए नावाचं द्रव्य रक्तात साचतं आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनी सैल करतं आणि मेंदूत सिम्पथेटिकला आवरूनही धरतं, त्यामुळे ते घटलं की नुकसान दोन्हीकडे. मानेतले ऑक्सिजन ओळखणारे केमोरिसेप्टरही जास्त चेतलेले असतात. त्यात झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर, आणि तो या रुग्णांत वारंवार आढळतो, रात्रीचा दाब खाली येतच नाही.

---

अबोली

उत्तम मांडणी. एक शंका. रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन मोजून हे कळणार नाही का? पायात सुई घालायची गरज काय?

---

तळटीप

@अबोली, रक्तातील पातळीवर विसंबता येत नाही. नॉरॲड्रेनॅलिन किती सुटले, मज्जातंतूच्या टोकाने किती परत ओढून घेतले आणि किती निचरा झाला, या तिन्हींचा मिळून तो आकडा होतो. किडनी निकामी असताना परत ओढून घेणे आणि निचरा दोन्ही मंदावतात, त्यामुळे तंतू किती झोत सोडत आहेत हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. वर उल्लेख आलेल्या १९९२ च्या अभ्यासातही झोतांची संख्या आणि रक्तातील पातळी यांचा मेळ बसला नव्हता. मात्र डायलिसिसच्या रुग्णांत ही पातळी फार वाढलेली असेल तर हृदयविकार आणि मृत्यूचा धोका जास्त असतो, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे धोक्याची खूण म्हणून तिला अर्थ आहे, तंतूंचे मोजमाप म्हणून नाही.

सुईच्या तंत्राला मायक्रोन्यूरोग्राफी म्हणतात. स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ आणि व्हाल्बो यांनी १९६० च्या दशकात ते घडवले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागतो; त्याच्या मागून पेरोनियल मज्जातंतू जातो. त्यात टंगस्टनची सुई घालतात. सुईची जाडी साधारण ०.२ मिमी, टोक मात्र काही मायक्रॉनचे. दुसरी संदर्भसुई एक-दोन सेंटिमीटरवर त्वचेखाली. योग्य जागी टोक पोहोचले आहे का, हे चार गोष्टींवरून ठरवतात. झोत हृदयाच्या ठोक्याला बांधलेले असले पाहिजेत, ठोक्यानंतर सुमारे १.३ सेकंदांनी उमटणारे. श्वास रोखून धरला की ते वाढले पाहिजेत. अचानक टाळी वाजवली तर काही बदल होता कामा नये. त्वचेवरून हात फिरवला तरीही नाही. टाळीला झोत उठला तर टोक त्वचेकडे जाणाऱ्या तंतूंत आहे, स्नायूंच्या रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नव्हे. मग टोक किंचित हलवायचे आणि पुन्हा पाहायचे. कधी कधी तासभर शोधूनही जागा सापडत नाही, आणि रुग्णाने पाय जराही हलवला की सापडलेली जागा जाते.

वाचताना एक ध्यानात ठेवावे: एका ठोक्याला जास्तीत जास्त एकच झोत उमटतो. म्हणून मिनिटाला किती, यासोबत १०० ठोक्यांमागे किती, हेही पाहावे लागते. वयानुसार झोत वाढतात, तेव्हा तुलनेचा गट समवयस्क हवा.

---

स्फटिक

मग प्रत्यारोपणानंतर हे सगळं थांबायला हवं. तसं होतं का?

---

निरंजन_०७

नाही, आणि त्याचं कारण वरच्या आकड्यांतच आहे. प्रत्यारोपणात नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या दोन्ही बहुतेक वेळा जागच्या जागीच ठेवतात. २००२ च्या एका अभ्यासात नवी किडनी उत्तम चालत असूनही जुन्या किडन्या शरीरात असलेल्यांचे झोत डायलिसिसच्या रुग्णांइतकेच होते. जुन्या काढलेल्यांचे मात्र निरोगी लोकांसारखे. नव्या किडनीचे तंतू काढतानाच कापले गेलेले असतात, त्यामुळे ती दोषी नाही. प्रत्यारोपणानंतरच्या रक्तदाबाला सायक्लोस्पोरिनसारखी, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली औषधंही हातभार लावतात, हे वेगळं.

किडनीदान करणाऱ्यांची बाजूही बघा. त्यांची निम्मी गाळणशक्ती एका दिवसात जाते, पण सिम्पथेटिक जोर वाढत नाही. उलट पॉलिसिस्टिक किडनीच्या (किडनीत पाण्याच्या असंख्य गाठी होणारा आनुवंशिक विकार) रुग्णांत क्रिएटिनिन अजून ठीक असतानाच तो वाढलेला सापडतो. थोडक्यात, किती किडनी उरली यापेक्षा उरलेली किती दुखावलेली आहे ते महत्त्वाचं.

मग सगळ्यांच्या जुन्या किडन्या काढून का टाकत नाहीत, असा प्रश्न येईलच. कारण किंमत मोठी आहे. उरलीसुरली लघवी जाते, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) आणखी घटतं, शस्त्रक्रियेचा धोका वेगळाच. दाब कशालाच दाद देत नसेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल किंवा किडन्या फार मोठ्या झाल्या असतील, तेव्हाच हा विचार होतो.

---

गौरी_डी

डायलिसिसच्या बाजूने भर घालते, कारण "दाब पडतो" याकडे फार ढोबळपणे पाहिलं जातं.

पाणी काढायला सुरुवात झाली की रक्ताचं आकारमान घटतं आणि ऊतींतलं पाणी रक्तात येऊन ती तूट भरून काढतं. या भरपाईला वेग असतो. त्याहून वेगाने पाणी ओढलं की हृदय कमी भरतं. सुदृढ बॅरोरिफ्लेक्स (बॅरोरिसेप्टरच्या संदेशावरून मेंदू देतो ती प्रतिक्रिया) अशा वेळी धमन्या आवळतो आणि नीलाही आवळतो. पोटातल्या नीलांत बरंच रक्त साठलेलं असतं. ते हृदयाकडे ढकललं जातं म्हणून दाब टिकतो. दीर्घकाळ किडनीविकार असलेल्या माणसात तीन गोष्टी आड येतात. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसून त्या ताठ झालेल्या असतात, आणि ताठ भिंत ताणलीच जात नाही तर बॅरोरिसेप्टरला कळणार काय? युरिमियामुळे (रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे) आणि अनेकांत मधुमेहामुळेही तंतू स्वतःच झिजलेले असतात. तिसरी गोष्ट, सिम्पथेटिक आधीच इतक्या जोरात चालू असते की आणखी वाढवायला वाव कमी. विसाव्यालाच मिनिटाला ५८ झोत असतील तर गरजेच्या वेळी किती वाढणार?

कधी कधी याहून वेगळं काही घडतं. दाब उतरता उतरता सिम्पथेटिक वाढण्याऐवजी एकदम माघार घेते. भिंती जाड झालेली डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) जवळजवळ रिकामी होऊन जोराने आकुंचन पावते आणि तिथून उलटाच संदेश जातो, असं याचं स्पष्टीकरण देतात. यात नाडी मंदावते. म्हणून दाब पडला की यंत्रावरची नाडी लगेच बघावी. नाडी चढली असेल तर रिफ्लेक्स शाबूत आहे, पाणी जास्त वेगाने निघालंय. जागची हललीच नसेल तर तंतूंचा बिघाड किंवा बीटा-ब्लॉकरचा (नाडी मंदावणाऱ्या गोळ्यांचा) परिणाम. घसरली असेल तर सिम्पथेटिकने माघार घेतली आहे, इथे क्षणभरही थांबायचं नाही. तिन्हींत पहिलं काम एकच: पाणी ओढणं बंद, डोकं खाली आणि पाय वर, १०० ते २०० मि.ली. सलाईन, दाब पुन्हा मोजणं. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डॉक्टर तात्काळ.

टाळण्यासाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे वेगाचं गणित. ताशी, दर किलो वजनामागे १३ मि.ली. ही वरची मर्यादा सर्रास वापरली जाते, त्याहून कमी ठेवता आलं तर उत्तमच. ७० किलोच्या माणसाला ताशी ९१० मि.ली. होतात. चार तासांत ३ लिटर काढले तर वेग १०.७, मर्यादेत. ४ लिटर काढायचे असतील तर तो १४.३ होतो. मग डायलिसिस साधारण ४ तास २५ मिनिटं चालवायला हवं किंवा जादा सत्र लावायला हवं. "आज पटकन उरकू" हा आग्रह इथेच नडतो. आणि ४ लिटर साचतात कशाने? रक्तातल्या सोडियमच्या हिशोबाने ८ ग्रॅम मीठ शरीरात राहिलं की सुमारे १ लिटर पाणी राहतं. नुसतं "पाणी कमी प्या" सांगून भागत नाही, खारट खाल्लं की तहान लागणारच.

दुसरा उपाय साधा असून कमी वापरला जातो, तो म्हणजे डायलिसिसच्या द्रवाचं तापमान. ३७ अंशांवर चालवलं की पाणी काढताना त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, गाभ्याचं तापमान चढतं. मग शरीर उष्णता घालवण्यासाठी त्याच रक्तवाहिन्या उघडतं आणि दाब जातो. तापमान ३५.५ ते ३६ ठेवलं की रक्तवाहिन्यांचा आवळलेपणा टिकतो. काहींना थंडी वाजते, त्यांना पांघरूण द्यावं आणि अर्ध्या अंशाने वर यावं. दाब पडण्याची सवय असलेल्याने डायलिसिस चालू असताना जेवू नये. जेवणानंतर आतड्यांकडे रक्त वळतं आणि वर सांगितलेला पोटातला साठा हृदयाकडे येण्याऐवजी तिथेच अडकतो.

---

स्फटिक

@गौरी_डी, नाडीवरून ओळखायची खूण फार उपयोगी आहे. तंतूंचा बिघाड आहे का हे घरी तपासता येईल?

---

गौरी_डी

प्राथमिक अंदाज येतो. हाताला बांधायचं दाबाचं यंत्र, घड्याळ आणि जवळ एक माणूस हवा. पट्टा फिस्ट्युला (डायलिसिससाठी धमनी आणि नीला जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताला. ५ मिनिटं आडवं पडून दाब आणि नाडी लिहायची. मग उभं राहायचं, पलंग धरून. १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हात हृदयाच्या पातळीत ठेवून. लोंबता हात दाब जास्त दाखवतो, तिथेच चाचणी फसते. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने पडला तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, म्हणजे उभं राहिल्यावर दाब पडणं. आता नाडी किती वाढली ते बघा. नाडीतली वाढ भागिले वरच्या दाबातली घट, हे ०.५ पेक्षा कमी आलं तर तंतूंच्या बिघाडाकडे बोट जातं. दाब ३० ने पडला आणि नाडी फक्त ६ ने वाढली, तर ०.२. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर हा हिशोब फसवा ठरतो. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच बसायचं, तीन मिनिटं पुरी करायचा हट्ट नको.

डायलिसिसच्या दिवशी आधी आणि नंतर दोन्ही वेळा केलं तर जास्त कळतं. फक्त नंतरच दाब पडत असेल तर बहुधा पाणी जास्त काढलं गेलंय. आधीही पडत असेल तर मज्जातंतूंकडे बघायला हवं.

---

श्रावणसर

औषधांबद्दल कुणी लिहील का? सगळ्या गोळ्या दाबच कमी करतात, मग निवड कशी होते?

---

तळटीप

@श्रावणसर, दाब कमी करणे आणि सिम्पथेटिक जोर कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ च्या एका अभ्यासात किडनीविकाराच्या रुग्णांना एनालाप्रिल दिल्यावर दाबही उतरला आणि झोतही घटले. ॲम्लोडिपिनने दाब उतरला पण झोत वाढले. रक्तवाहिनी सैल झाली की बॅरोरिफ्लेक्स ते दाब पडणे समजून सिम्पथेटिक वाढवतो. एनालाप्रिल अँजिओटेन्सिनच घटवत असल्याने त्यातून सुटते. याचा अर्थ ॲम्लोडिपिन वाईट असा मुळीच नाही, दाब उतरवण्याचे मोल मोठेच आहे. पण शक्य असेल तिथे एसीई इन्हिबिटर (एनालाप्रिलच्या गटातील औषध) किंवा एआरबी (अँजिओटेन्सिनचा परिणाम अडवणारे औषध) हा उपचाराचा पाया असावा. पोटॅशियमवर मात्र बारीक लक्ष हवे.

बीटा-ब्लॉकर हृदयावरचा आणि रेनिनवरचा परिणाम रोखतात, पण रक्तवाहिनीचा अल्फा-१ आवळा तसाच राहतो. कार्व्हेडिलॉल तोही रोखते. ते डायलिसिसने निघून जात नाही, मेटोप्रोलॉल बऱ्यापैकी निघून जाते. म्हणून डायलिसिसमध्ये दाब पडणाऱ्यात कार्व्हेडिलॉल जपून वापरतात. क्लोनिडीन थेट मेंदूच्या बुंध्यात काम करते, जोर खरोखर कमी करते. पण एखाद-दुसरी मात्रा चुकली तरी दाब उसळी मारतो. गोळ्या वेळेवर घेणे ज्याला जमत नाही त्याला ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोंड कोरडे पडते, मग पाणी जास्त प्यायले जाते, हीही अडचण.

उलट बाजूचे औषध मिडोड्रिन. ते अल्फा-१ चेतवून रक्तवाहिनी आवळते. डायलिसिसच्या साधारण अर्धा तास आधी, २.५ मि.ग्रॅ. पासून सुरुवात. त्याचा क्रियाशील अंश किडनीवाटे निघतो म्हणून सुरुवात लहान मात्रेने. घेतल्यावर चार तास सपाट आडवे झोपू नये, झोपलेल्या अवस्थेत दाब फार चढतो. वेग आणि तापमान दुरुस्त न करता मिडोड्रिन सुरू करणे मात्र चुकीचेच.

---

अबोली

आणि किडनीच्या धमनीत कॅथेटर घालून तंतू जाळतात, तो उपाय? नेमका याच रुग्णांसाठी असावा असं वाटतं.

---

निरंजन_०७

तर्काने तसंच वाटतं, पण अडचणी खऱ्या आहेत. मांडीतल्या धमनीतून कॅथेटर नेऊन रेडिओलहरींनी किंवा अल्ट्रासाउंडने धमनीभोवतीचे तंतू जाळतात. २०१४ च्या मोठ्या चाचणीत खोट्या प्रक्रियेच्या तुलनेत ठळक फायदा दिसला नव्हता. नंतर तंत्र सुधारलं, धमनीच्या फांद्यांपर्यंत जाऊन जाळू लागले, कारण तिथे तंतू आतल्या पोकळीच्या जास्त जवळ असतात. पुढच्या चाचण्यांत दाब माफक का होईना पण उतरला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) दोन उपकरणांना मान्यता दिली. मात्र या मुख्य चाचण्यांतून किडनीची गाळणशक्ती बरीच घटलेले रुग्ण वगळले होते. निकामी किडनीची धमनी आक्रसून इतकी बारीक होते की काहींत कॅथेटर बसतच नाही. शिवाय तंतू पुरेसे जळले की नाही हे टेबलावर असताना मोजायची सोय नाही. डायलिसिसच्या रुग्णांतले अभ्यास लहान आहेत, म्हणून आज हा नेहमीचा उपाय म्हणता येणार नाही.

त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. डायलिसिस जास्त वेळा किंवा जास्त तास केलं की नॉरॲड्रेनॅलिन आणि रक्तवाहिन्यांचा रोध दोन्ही उतरतात, हे रात्रभराच्या डायलिसिसच्या अभ्यासांत दिसलंय. घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. आणि डॉक्टरांकडे जाताना फक्त डायलिसिसच्या आधीचे आकडे नेऊ नयेत. दोन सत्रांमधल्या दिवशी सकाळी उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी, बसून, ५ मिनिटं शांत राहून मोजलेला दाब, सोबत नाडी, त्या दिवशीचं वजन आणि गोळ्या घेतल्याची वेळ, असा तक्ता न्यावा. सकाळचा दाब सतत जास्त पण वजन जागेवर असेल, तर आणखी पाणी ओढण्याआधी सिम्पथेटिकचा विचार व्हावा, असा विषय त्या तक्त्यावरून काढता येतो.